नलरबोरचा रस्ता, सोबत लॅब्रेडॉर आणि वाटेवरची विषारी आमिषं: काय काय काळजी घ्यावी?

शेपूटवाला
ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून पर्थला गाडीने निघायचं आहे, नलरबोरच्या ओसाड माळरानातून. पोर्ट ऑगस्टा, सेडुना, नलरबोर, नॉर्समन, कूलगार्डी हा नेहमीचाच रस्ता. साधारण २७०० किमी, सहा दिवस. दोन माणसं आणि एक लॅब्रेडॉर. वजन २८ किलो, वय चार, धोरण: आधी गिळायचं, मग वास घ्यायचा.

कोल्हे आणि रानकुत्री मारायला टाकलेल्या '१०८०' या विषाच्या आमिषांबद्दल बरंच ऐकलंय. तीन प्रश्न आहेत:
१. मझल (तोंडावर चढवायची मुसकी) कोणता घ्यावा?
२. औषधाच्या डब्यात काय ठेवावं?
३. कुठे उतरवावं, कुठे अजिबात उतरवू नये?

"कुत्रा घरी ठेवा" सोडून सगळे सल्ले चालतील.

चहाबाज
कुत्रा घरी ठेवा.
(हलके घ्या. वाचतोय.)

अण्णा_पर्थकर
आधी आकडे बघा, मग मझलचं महत्त्व आपोआप पटेल.

१०८० म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट. कुत्र्याच्या जातीला हे फार लागतं, किलोमागे साधारण ०.०६ ते ०.१ मिलिग्रॅम पुरतं. तुमच्या २८ किलोंचा हिशेब जास्तीत जास्त २.८ मिग्रॅ. कोल्ह्यासाठीच्या एका आमिषात ३ मिग्रॅ असतं, रानकुत्र्यासाठीच्या आमिषात ६. म्हणजे एक तुकडा, खेळ खलास. "थोडंसंच चाटलं" याला इथे काही अर्थ नाही.

दिसायला कसं? वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कांगारूच्या मांसाचे वाळवलेले तुकडे, काळपट, चामड्यासारखे. किंवा सलामीसारखे छोटे सॉसेज. कारखान्यात बनवलेल्या चौकोनी मऊ वड्याही असतात, त्या बहुधा मातीत पुरतात. सशांसाठी ओट किंवा गाजर. लॅब्रेडॉरच्या दृष्टीने हा पूर्ण मेन्यू आहे.

सरकारी जंगलात १९९६ पासून 'वेस्टर्न शील्ड' नावाची मोहीम चालू आहे, तिथे विमानातून आमिषं टाकतात. तेव्हा "रस्त्यापासून लांब आत गेलं की सुरक्षित" हा समज सोडा. आत गेलं की धोका वाढतो. नॅशनल पार्कात कुत्र्याला तशीही बंदी आहे.

कढीपत्ता
पण पाट्या लावणं बंधनकारक आहे ना? पाटी दिसली की उतरायचं नाही, संपलं. एवढं घाबरवायची गरज वाटत नाही.

टिटवी
@कढीपत्ता, पाटी फाटकावर असते, आमिष मात्र फाटकाशी बसून राहत नाही. कावळे उचलून नेतात आणि कंटाळले की टाकतात. कोल्हा एक खातो आणि दुसरं पुढच्यासाठी पुरून ठेवतो, तेही भलतीकडे. म्हणून कुंपणाबाहेरच्या थांब्यावरही तुकडा सापडू शकतो.

शिवाय ओल्या मातीत जिवाणू १०८० हळूहळू मोडतात, पण नलरबोरसारख्या कोरड्या मुलुखात वाळकं आमिष कित्येक महिने जहाल राहतं. पाटीवरची तारीख जुनी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. पाटी असेल तर धोका नक्की. पाटी नसेल तर फक्त ठाऊक नाही, एवढंच.

पाटीचा खरा उपयोग दुसरा आहे: फोटो काढून ठेवा. त्यावर विषाचं नाव आणि तारीख असते. उद्या डॉक्टरला फोन करायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच असतो. १०८० आणि पॅप यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

शेपूटवाला
पॅप म्हणजे? हे नवीनच.

पशुवैद्य_विदर्भ
पॅरा-अमिनोप्रोपिओफिनोन. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून आलंय. कोल्ह्याच्या आमिषात ४०० मिग्रॅ, रानकुत्र्याच्या आमिषात १००० मिग्रॅ. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबवतं. हिरड्या निळसर-करड्या किंवा चॉकलेटी होतात, कुत्रा लटपटतो, मग आडवा होतो. फेफरं फारसं नाही, गळून जातो. याला उतारा आहे: मेथिलीन ब्लू, शिरेतून. पण तो दवाखान्यात शिल्लक हवा आणि तास-दोन तासांत मिळायला हवा. म्हणून फोनवर आधीच विचारा, "मेथिलीन ब्लू आहे का?" नसेल तर पुढचा दवाखाना.

१०८० ला उतारा नाही. ते शरीरात गेल्यावर त्याचं फ्लुओरोसायट्रेट होतं आणि पेशीची ऊर्जा बनवायची साखळी मधेच बंद पडते. हे व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. लोक इथेच फसतात. "काही झालं नाही, बघू थोडा वेळ" म्हणत तो वेळ घालवतात, आणि वाचवण्यासारखा वेळ तेवढाच असतो. नंतर ओकारी, अस्वस्थता, वेड्यासारखं पळणं, ओरडणं, मग झटके. झटके सुरू झाल्यावर भूल देऊन, ताप उतरवून, सलाईनवर ठेवून प्रयत्न करतात, पण आशा थोडी.

सारांश तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरता: खाताना दिसला तर लक्षणांची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला फोन.

कढीपत्ता
घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढतात की. सोपं आहे.

पशुवैद्य_विदर्भ
नको, कृपया नको. मिठाने ओकारी होईलच असं नाही, आणि झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं. सोडियम वाढून मेंदूवर सूज येते. एका विषावर दुसरं विष.

क्रमाने सांगतो.

उत्तम पर्याय अपोमॉर्फिन. निघण्याआधी आपल्या डॉक्टरकडे कुत्र्याला नेऊन सांगा की दुर्गम भागात जातोय. ऑस्ट्रेलियात असे लांबचे गिऱ्हाईक नेहमीचे असल्याने बरेच डॉक्टर वजनाप्रमाणे गोळी लिहून देतात. ती तोंडातून द्यायची नसते. खालची पापणी ओढून डोळ्याच्या खाचेत ठेवायची. काही मिनिटांत ओकारी. ओकारी झाली की उरलेली गोळी काढून डोळा सलाईनने भरपूर धुवायचा. तेव्हा डब्यात १०-१० मिलीच्या सलाईनच्या चार-पाच नळ्या हव्यातच. गोळी उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड: फक्त ३ टक्क्यांचं, किलोमागे १ ते २ मिली, कितीही मोठा कुत्रा असला तरी ४५ मिलीच्या वर नाही, आणि फोनवर डॉक्टर "द्या" म्हणाला तरच. जठराच्या अस्तराला इजा करतं. केसांना लावायचं तीव्र पेरॉक्साइड चुकूनही नाही.

धुण्याचा सोडा: ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर पिढ्यानपिढ्या वापरतात, खडा घशात टाकून. घसा भाजतो. आणि त्याच कपाटात शेजारी कॉस्टिक सोडा असला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

ओकारी कधीच काढायची नाही: झटके चालू असताना, गुंगीत असताना, श्वास जड असताना. फुप्फुसात जाते. याच कारणाने, विष शोषून घ्यायला देतात ती कोळशाची पूडही डगमगत्या कुत्र्याच्या तोंडात ओतू नका.

कोपऱ्यातला_बाक
दूध पाजायचं ना? आमच्याकडे सगळ्या विषांवर दूध आणि तूप.

पशुवैद्य_विदर्भ
बाकराव, तूप-दुधाने काही विषं उलट लवकर शोषली जातात. ते तुम्हीच प्या.

अण्णा_पर्थकर
ओकारी निघाली तर ती तिथेच सोडायची नाही हेही लिहा. त्यात विष असतंच. दुसरा कुत्रा चाटेल किंवा हाच परत खाईल (लॅब्रेडॉर!). हातमोजे, दोन पिशव्या एकात एक, गाठ, आणि डॉक्टरला दाखवायला सोबत. अर्धवट खाल्लेलं आमिषही तसंच.

मेलेला कोल्हा, मेलेली रानमांजर यांच्यापासूनही तितकंच लांब. पोटात आमिष असू शकतं. या रस्त्यावर गाडीखाली आलेले कांगारू दर थोड्या अंतरावर दिसतात. ते विषाने मेलेले नसतात, पण ते खायला येणारे कोल्हे आसपास असतात, आणि कोल्हे जिथे तिथे बाकीचं सगळं.

टिटवी
आता मझल, कारण खरी भिस्त त्यावरच.

कापडी नळीसारखा नको. त्यात तोंड बंद राहतं, कुत्रा धापा टाकू शकत नाही, तापतो. आणि पुढून उघडा असल्याने बारीक तुकडा आत जातोच. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

पिंजऱ्यासारखा घ्या, तारेचा किंवा रबरी प्लॅस्टिकचा. माप: नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खाली बोटभर अंतरापर्यंत लांबी. घेर मात्र तोंड उघडं असताना मोजायचा. दुकानात बंद तोंडावर मोजतात, तिथे चूक होते. घातल्यावर जीभ बाहेर काढून धाप टाकता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. नाकापुढे एक सेंटीमीटर मोकळं.

पण बाजारातला पिंजरा चावणं थांबवायला बनवलेला असतो, खाणं थांबवायला नाही. पुढच्या फटी दोन बोटं रुंद असतात. कुत्रा पिंजरा जमिनीवर दाबतो आणि तुकडा जिभेने ओढून घेतो. म्हणून पुढच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून बारीक जाळी लावायची, खिडकीच्या डासांच्या जाळीतली ताठ जाळी चालते. प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्यांनी, म्हणजे केबल टायने, दर दोन सेंटीमीटरवर बांधायची. टायची गाठ बाहेरच्या बाजूला, कापलेलं टोक घासून बोथट केलेलं. नाहीतर संध्याकाळपर्यंत नाकावर ओरखडे. नाकपुड्यांसमोरचा वरचा भाग उघडाच ठेवायचा.

मानेचा पट्टा मझलच्या पट्ट्यात अडकवा, नाहीतर पंजाने ओढून तीस सेकंदांत काढतात.

आणि सवय आत्तापासून लावा, निदान दोन-तीन आठवडे. आधी आत शेंगदाण्याचं लोणी चोपडून नुसतं नाक घालू द्यायचं, पट्टा लावायचा नाही. मग पाच सेकंद, मग मिनिट, मग फेरफटका. लोण्याच्या बाटलीवर झायलिटॉल नाही ना बघा, तेही कुत्र्याला विषच.

माळरान
जाळी लावली की पाणी पिता येत नाही. भांड्यात तोंड घातलं तर जाळीत फेस होतो नुसता.

टिटवी
@माळरान, खरं आहे. पाणी गाडीत, मझल काढून. गाडीबाहेर मझल, गाडीत मोकळं, एवढा एकच नियम. गाडीत मझल घालून एकटं सोडायचं नाही. प्रवासात ओकतात कुत्री, आणि जाळीच्या मझलमध्ये ओकला तर गुदमरतो.

कढीपत्ता
मला हे क्रूर वाटतं. सहा दिवस तोंडाला जाळी?

अण्णा_पर्थकर
दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं. बाकी वेळ तो मागच्या सीटवर घोरणार आहे. आणि झटक्यांपेक्षा जाळी बरी.

अजून एक: स्प्रिंगवाली नळी जमिनीत ठोकून वर मांसाचं बोंडूक लावतात. कुत्र्याने दातात धरून ओढलं की विषाची पूड थेट तोंडात उडते. तिथे "थू कर, सोड" शिकवलेलं काही कामाला येत नाही, सोडायला हातात काही उरतच नाही. मझल असेल तर दातात धरताच येत नाही.

गोगलगाय_अन्_पोटात_पाय
अवांतर, पण नलरबोरला न जाणाऱ्यांसाठी. लातूर, बीड, धाराशिव भागात २०२२ ला शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं तेव्हापासून जून-जुलैत बांधावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सर्रास पडतात. कुत्र्यांना त्यांची चव आवडते. एक ते तीन तासांत कापरं भरतं, अंग तापतं, स्पर्श केला तरी दचकतो. पावसाळ्यात गाडी थांबवून कुत्र्याला बांधावर सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. कोंड्यात गूळ आणि कीटकनाशक कालवून ठेवलेलंही असतं, ते तर गोडच.

फोरेट, म्हणजे आपलं थायमेट, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, पण जुने डबे गोठ्यात अजून सापडतात. लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बारीक बाहुल्या असं दिसलं तर डॉक्टरला तसंच सांगा, ॲट्रोपिन लागतं.

कोपऱ्यातला_बाक
आणि ढाब्यामागे उंदरांसाठी भज्यात कालवलेली काळी पूड?

पशुवैद्य_विदर्भ
झिंक फॉस्फाइड. लसणीसारखा वास. जठरातल्या आम्लाशी भेटलं की फॉस्फीन वायू सुटतो. म्हणून यात काही खाऊ घालायचं नाही, जेवणाने आम्ल वाढतं. आणि कुत्रा गाडीत ओकला तर सगळ्या काचा खाली, माणसं बाहेर. तो वायू तुमच्याही फुप्फुसात जातो. मान खाली घालून ओकारी हुंगायची नाही, वासावरून ओळखायची हौस नको.

ढाब्यामागे दुसरा प्रकार म्हणजे ब्रोमॅडिओलोनची रंगीत वडी. याचं उलटं. पहिले तीन-चार दिवस काहीच नाही, मग हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त. तोवर सहल संपलेली असते आणि कुणाला वडी आठवत नाही. जीवनसत्त्व के-१ च्या गोळ्या तीन-चार आठवडे, जेवणासोबत, आणि बंद केल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी. ऑस्ट्रेलियात सशांसाठीचं पिंडोन याच कुळातलं.

माळरान
वेस्टर्न ऑस्ट्रेलियात रानकुत्र्यांच्या सापळ्यांच्या जबड्याला स्ट्रिक्निन या विषाचं फडकं गुंडाळतात. ते मूळचं आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं, कुचला म्हणतात तोच.

अण्णा_पर्थकर
आणि १०८० मूळचं त्यांच्याकडचंच! पर्थच्या आसपासच्या गॅस्ट्रोलोबियम झुडपांत हेच विष निसर्गतः असतं. म्हणून तिथल्या कांगारू, पोसम वगैरेंना ते बरंच पचतं, बाहेरून आलेल्या कोल्ह्या-कुत्र्यांना नाही. मोहीम उभी आहे ती या फरकावर. त्या झुडपांच्या बिया खाणाऱ्या ब्रॉन्झविंग कबुतरांना काही होत नाही, पण त्यांची आतडी-हाडं खाऊन वसाहतवाल्यांची कुत्री मरायची.

कढीपत्ता
मग निसर्गाच्या नावाखाली हे विष विमानातून टाकणं कितपत

संपादक मंडळ
धोरणावर वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर लिहावे.

शेपूटवाला
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. पिंजऱ्याचा मझल मागवला. अपोमॉर्फिनसाठी सोमवारी डॉक्टरची वेळ घेतली. तिसरा प्रश्न राहिला: उतरवायचं कुठे? आणि नॉर्समन ते सेडुना १२०० किमीत काही झालं तर फोन तरी लागतो का?

अण्णा_पर्थकर
मधल्या पट्ट्यात रोडहाउसजवळ (पेट्रोल-जेवणाचे थांबे) लागतो, मधे बहुतेक ठिकाणी नाही. बालाडोनिया ते काईगुना १४६.६ किमीचा सरळसोट रस्ता आहे, तिथे फोन म्हणजे घड्याळ. उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र भाड्याने घ्या. गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात. आणीबाणीचा ५ नंबर. पुढच्या रोडहाउसला निरोप पोचवायला ट्रकवाल्यांइतका खात्रीचा माणूस नाही.

ॲनिमल पॉयझन्स हेल्पलाइन १३०० ८६९ ७३८, फोनमध्येही आणि कागदावरही. वेळा निघण्याआधी बघून घ्या. दोन्ही टोकांच्या दवाखान्यांचे नंबर, रात्री कोण उचलतं, मेथिलीन ब्लू आहे का, हे घरून विचारून लिहून ठेवा.

घड्याळाची गंमत लक्षात असू द्या: सीमेपासून काईगुनापर्यंतच्या पट्ट्यात पर्थपेक्षा पाऊण तास पुढचा स्वतःचा वेळ चालतो. "दवाखाना सहाला बंद" हे कुठल्या सहाला ते विचारा. आमिष कधी खाल्लं ती वेळ मात्र फोनवरची नका लिहू, फोन मधेच वेळ बदलतो. "खाऊन किती मिनिटं झाली" असंच मोजा.

टिटवी
उतरवायच्या जागा: रोडहाउसचं डांबरी किंवा खडी घातलेलं आवार, तेही दर्शनी बाजूचं. मागची बाजू, कचऱ्याचे डबे, शौचालयाची पिछाडी नको. थांब्यावर झुडपांच्या कडेला माणसांनी टाकलेली हाडं असतात, तिथेच कावळे, तिथेच त्यांनी टाकलेलं सगळं.

आधी एक माणूस एकटा उतरून वीस पावलांचं वर्तुळ फिरतो. मग मझल गाडीतच चढवायचा, दार उघडण्याआधी. दोर १.५ ते २ मीटरचा, न सुटणारा. लांबत जाणारी दोरी घरी ठेवा.

ॲडलेडहून निघाल्यावर मेंढ्यांचा मुलुख लागतो, डिंगो, म्हणजे तिथली रानकुत्री, अडवायला घातलेल्या ५६१४ किमीच्या कुंपणाच्या आतला. ते कुंपण तुमच्याच रस्त्याला छेदून समुद्राला मिळतं. लोकांना वाटतं, कुंपणाच्या आत आलो म्हणजे वाचलो. आमिषं आतही टाकतात, मेंढ्या तिथेच आहेत.

माळरान
रात्रीच्या मुक्कामाला डोक्याचा दिवा लावून जमीन बघा, मग खुंटी ठोका. दोरी जेवढी पोचते तेवढं सगळं वर्तुळ बघायचं, नुसती खुंटीपाशी नाही. आणि फिरवण्याआधी पोटभर खायला घाला.

चहाबाज
लॅब्रेडॉरचं पोट भरल्याची नोंद विज्ञानात आहे का?

पशुवैद्य_विदर्भ
नाही.

@शेपूटवाला, एक राहिलं. डॉक्टरकडे जाताना कुत्रा आधीच विषबाधित असेल तर गाडीत गाणी बंद, काचांवर टॉवेल टाकून अंधार, एसी थंड, कुणी सारखं कुरवाळायचं नाही. आवाज-स्पर्शाने झटके येतात आणि अंग तापतं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून श्वास मोजायचे. आणि मझल काढलेला.

शेपूटवाला
मझल आला. जाळी लावली, टायच्या गाठी बाहेर आहेत. पण चार टोकं अजून टोचतात, नेलकटरने कापली तरी. कशाने घासू?

टिटवी
नखांची कानस. किंवा टोकावर गरम चमच्याची पाठ टेकवा, वितळून गोल होतं. जाळी वितळवू नका.